जुन्या बॅटलशिप्स लढाईत काय कामाच्या होत्या आणि लढाई संपल्यावर त्यांचं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेची 'टेक्सास' ही बॅटलशिप, म्हणजे जाड चिलखताची आणि मोठ्या तोफांची युद्धनौका, पहिल्या महायुद्धाच्या आधीची, ती दुसऱ्या महायुद्धात खरंच उपयोगी पडली का? युद्ध संपल्यावर अशा जहाजांचं म्युझियम करणं परवडतं का? गरज पडली तर ती परत लढाईत उतरवता येतील का? आणि त्यालाच जोडून, आपल्या जुन्या विमानवाहू नौका विक्रांत (पहिली) आणि विराट का वाचल्या नाहीत?

माझी नोकरी मुंबईत जहाजदुरुस्तीत गेली, हल म्हणजे जहाजाचं बूड आणि त्याचा पत्रा तपासणं हेच मुख्य काम. त्यामुळे तोफांपेक्षा पत्र्याबद्दल जास्त लिहिणार आहे हे आधीच सांगतो, कारण जुन्या जहाजाचा निकाल शेवटी पत्र्यावरच लागतो.

आधी ही जहाजं एवढी जुनी होऊन लढाईत का होती ते बघू. १९२२ चा वॉशिंग्टन करार झाला आणि मोठ्या देशांनी नवीन बॅटलशिप बांधणं जवळजवळ बंद केलं. मधली पंधराएक वर्षं कोरडी गेली. त्यामुळे १९३९ साली युद्ध पेटलं तेव्हा ब्रिटन काय, अमेरिका काय, सगळ्यांकडे १९१२ ते १९२२ च्या दरम्यान पाण्यात उतरलेलीच जहाजं जास्त होती, त्यांनाच डागडुजी करून, बॉयलर बदलून, नवीन तोफा-रडार चढवून चालवत होते. टेक्सास १९१२ मध्ये पाण्यात उतरली, मार्च १९१४ मध्ये नौदलात दाखल झाली. तेव्हा ती कोळशावर चालायची. १९२५-२६ मध्ये तिला तेलावर आणलं, बॉयलर बदलले, दोन्ही बाजूंना टॉर्पेडोपासून संरक्षण म्हणून पोकळ फुगवटे बसवले, त्यांना ब्लिस्टर म्हणतात. हा ब्लिस्टर शब्द लक्षात ठेवा, पुढे तिच्या सगळ्या दुखण्याचं मूळ तिथेच आहे. इंजिनं मात्र तीच राहिली, पिस्टनवाली ट्रिपल एक्सपान्शन वाफेची इंजिनं, जेव्हा बाकी जग टर्बाइनवर गेलं होतं. वेग जेमतेम २१ नॉट, म्हणजे तासाला ३९ किलोमीटरच्या आसपास.

आता २१ नॉट म्हणजे काय ते समजून घ्या. दुसऱ्या महायुद्धातल्या मोठ्या विमानवाहू नौका ३० नॉटच्या वर पळायच्या. म्हणजे जुनी बॅटलशिप त्यांच्याबरोबर जाऊच शकत नव्हती. ज्या कामासाठी ती बांधली, म्हणजे समोरासमोर रांगेत उभं राहून शत्रूच्या बॅटलशिपशी लढणं, ते काम जवळपास संपलं होतं. म्हणून लोक म्हणतात की ती कालबाह्य झाली होती. पण नौदलाकडे दुसरं एक काम होतं ज्याला वेग लागत नाही, लागतं ते जाड चिलखत, स्थिर प्लॅटफॉर्म आणि मोठा गोळा. ते काम म्हणजे किनाऱ्यावर मारा करणं. सैन्य जिथे उतरणार तिथल्या तोफा, बंकर, रस्ते फोडून द्यायचे. या कामाला जुनी जहाजं अगदी फिट बसली, उलट नवीन महागडं जहाज किनाऱ्याजवळच्या सुरुंगांत आणि तोफांच्या टप्प्यात न्यायला कुठलाही ॲडमिरल दहा वेळा विचार करेल.

टेक्सासची सगळ्यात मोठी कामगिरी नॉर्मंडीची, म्हणजे फ्रान्सच्या ज्या किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांचं सैन्य उतरलं तिथली. ६ जून १९४४ ला पहाटे तिने प्वांत द्यु ऑक या कड्यावर मारा सुरू केला, आणि ३४ मिनिटांत १४ इंची तोफांचे २५५ गोळे टाकले. एक गोळा सहाशे किलोच्या आसपास. दहा तोफा, पाच टरेट (तोफा बसवलेले फिरते चिलखती घुमट), आणि हे सगळं हाताने-यंत्राने खालून वर चढवणारी माणसं. टरेटच्या आत किती उष्णता आणि धूर असेल याची कल्पना करा. त्या कड्यावर अमेरिकन रेंजर, म्हणजे खास तुकडीचे सैनिक, चढणार होते, ते चढले, खूप मेले, आणि नंतर त्यांच्यातले जखमी टेक्सासवरच आणले गेले. दुपारपर्यंत जहाज किनाऱ्यापासून तीन किलोमीटरच्या आत आलं होतं, एवढं मोठं जहाज एवढ्या जवळ आणणं म्हणजे कॅप्टनची छाती लागते, खाली पाणी किती आहे आणि सुरुंग कुठे आहेत याची धास्ती सतत असते.

पण मला टेक्सासवरच्या लोकांचं जे काम सगळ्यात जास्त आवडतं ते त्यानंतरचं आहे. आठवड्याभरात सैन्य आत सरकलं, लक्ष्यं लांब गेली. टेक्सासच्या तोफा जुन्या डिझाइनच्या, फार वर उचलता येत नव्हत्या, आणि तोफ जेवढी वर उचलाल तेवढा गोळा लांब जातो. किनाऱ्याच्या आणखी जवळ जायला पाणी नव्हतं. मग त्यांनी काय केलं, तर उजव्या बाजूच्या ब्लिस्टरमध्ये मुद्दाम पाणी भरलं. जहाज दोनेक अंश त्या बाजूला कललं, डाव्या बाजूकडे वळवलेल्या तोफांची तोंडं तेवढीच वर गेली, आणि टप्पा वाढला. ज्याने कधी जहाजाचं स्टॅबिलिटीचं गणित केलंय त्याला कळेल की हे वाटतं तेवढं सोपं नाही. ३० हजार टनांच्या आसपासचं जहाज, कुठल्या टाकीत किती पाणी घेतलं की किती कलेल, तोफ डागल्यावरचा धक्का कलत्या अवस्थेत कसा बसेल, टरेट फिरवणाऱ्या मोटरवर किती लोड येईल, हे सगळं बघून करावं लागतं. ३० वर्षं जुनं जहाज आणि त्यावर पूर्ण मुरलेले लोक, म्हणूनच हे जमलं. नवीन जहाजावर नवीन क्रू असता तर हे सुचलंही नसतं असं माझं मत आहे.

२५ जूनला शेरबुर्ग बंदराच्या बाहेर तिची जर्मनांच्या किनारी तोफखान्याशी गाठ पडली, 'हॅम्बर्ग' नावाची बॅटरी, २४ सेंटिमीटरच्या तोफा. तिथे एक गोळा ब्रिजच्या, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या भागात येऊन फुटला आणि सुकाणूवरचा खलाशी गेला. दोन्ही युद्धं मिळून शत्रूच्या माऱ्यात टेक्सासवर मेलेला तो एकच माणूस. दुसरा एक गोळा जहाजात घुसला पण फुटला नाही. त्यानंतर दक्षिण फ्रान्स, मग पॅसिफिकमध्ये इवो जिमा, ओकिनावा. ओकिनावाला तर आठवडेच्या आठवडे माणसं आपापल्या तोफेशीच बांधलेली, तिथेच जेवायचं, तिथेच झोपायचं, वरून कामिकाझे, म्हणजे जपानी आत्मघाती विमानं.

ब्रिटिशांची 'वॉरस्पाइट' हे दुसरं उदाहरण. १९१६ च्या जटलंडच्या लढाईत सुकाणू अडकून शत्रूसमोर गोल फिरत राहिलेलं हे जहाज. ते १९४० मध्ये नॉर्वेच्या नार्विकच्या अरुंद खाडीत शिरून जर्मन डिस्ट्रॉयर संपवायला मदत करतं, भूमध्य समुद्रात चालत्या जहाजावरून सुमारे २४ किलोमीटरवरच्या चालत्या इटालियन बॅटलशिपला गोळा लावतं, १९४१ मध्ये मातापानला लढतं. सप्टेंबर १९४३ मध्ये सालेर्नोजवळ जर्मन गाइडेड बॉम्ब तिच्या बुडापर्यंत आरपार गेला. एक टरेट नंतर दुरुस्तच केलं नाही, वेळही नव्हता आणि एवढ्या जुन्या जहाजावर तेवढा खर्च करायची तयारीही नव्हती. तरी नॉर्मंडीच्या सकाळी ती आठपैकी सहा तोफा घेऊन उभी होती. आणि ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपाइन्सच्या सुरिगाव सामुद्रधुनीत जपानी बॅटलशिपच्या समोर अमेरिकेने ज्या सहा बॅटलशिप आडव्या उभ्या केल्या त्यातल्या पाच पर्ल हार्बरला मार खाल्लेल्या होत्या. त्यातली वेस्ट व्हर्जिनिया आणि कॅलिफोर्निया तर तिथल्या गाळातून वर काढलेली. फरक एवढाच की आता त्या सहांतल्या तिघींवर नवीन फायर कंट्रोल रडार, म्हणजे तोफांचा नेम ठरवणारं रडार होतं, रात्रीच्या अंधारात दिसत नसलेल्या जहाजावर पहिल्याच फेरीत नेम. म्हणजे हल जुनं, यंत्रं जुनी, पण डोळे नवीन. जुन्या जहाजाला योग्य जागी नवीन सामान दिलं तर ते किती काम करू शकतं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

याचं आपल्याकडचं नातंही सांगतो. १९७१ मध्ये विक्रांतच्या एका बॉयलरला तडे गेले होते, पूर्ण वाफ घेता येत नव्हती, वेग कमी झाला होता. विमानवाहू नौकेला विमान उडवायला वेग लागतो, समोरून वारा मिळाला पाहिजे. तरी तिला बंगालच्या उपसागरात पाठवलं आणि तिच्यावरच्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी चितगाव, कॉक्स बाजारवर हल्ले केले. ती बॅटलशिप नव्हती, पण थकलेलं जहाज जाणत्या माणसांच्या हाती असलं की काय करतं तो हिशोब तोच. त्या काळच्या इंजिनिअर आणि स्टोकर (बॉयलर सांभाळणाऱ्या) लोकांचं नाव कुठे फारसं घेतलं जात नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता युद्ध संपल्यावर. १९४५ नंतर या जहाजांचं जे झालं ते वाचताना जीव तुटतो, पण कारणं समजण्यासारखी आहेत. एका बॅटलशिपला हजार-दीड हजार, युद्धात त्याहून जास्त माणसं लागतात. तेल पिते. ब्रिटनकडे पैसाच उरला नव्हता, त्यांनी सगळ्या विकल्या, शेवटची व्हॅनगार्ड १९६० मध्ये भंगारात गेली. आज ब्रिटनकडे ड्रेडनॉट काळातली, म्हणजे मोठ्या तोफांच्या आधुनिक बॅटलशिपच्या काळातली, एकही बॅटलशिप शिल्लक नाही, ज्या देशाने हा प्रकारच जन्माला घातला त्या देशाकडे. वॉरस्पाइट १९४७ मध्ये टो करून, म्हणजे दोराने ओढत, भंगारासाठी नेत होते तेव्हा वादळात दोर तुटला आणि ती कॉर्नवॉलच्या खडकांवर जाऊन बसली, मग तिथेच किनाऱ्यावर अनेक वर्षं कापत होते.

अमेरिकेने काही जहाजं १९४६ मध्ये बिकिनी बेटावर अणुबॉम्बच्या चाचणीला ठेवली. टेक्सासची सख्खी बहीण 'न्यूयॉर्क', एकाच डिझाइनची, तीही त्यात. दोन्ही स्फोटांतून ती तरंगत राहिली! पण किरणोत्सर्गाने इतकी खराब झाली की १९४८ मध्ये हवाईजवळ टार्गेट म्हणून बुडवली. 'नेवाडा', पर्ल हार्बर आणि नॉर्मंडी दोन्हीकडे असलेली एकमेव बॅटलशिप, तिचंही तेच. आणि त्याच १९४८ च्या एप्रिलमध्ये टेक्सास तिच्या राज्यात सान हासिंतोला म्युझियम म्हणून उभी राहिली, कारण तिथल्या लोकांनी तिला आणण्यासाठी २ लाख २५ हजार डॉलर उभे करायचं ठरवलं, शाळेतल्या मुलांनीसुद्धा पैसे दिले. एवढाच फरक. दोन बहिणी, एकीच्या मागे माणसं उभी राहिली.

पण इथेच गोष्ट सुरू होते, आणि इथेच बहुतेक लोक फसतात. त्यांना वाटतं जहाज आणून बांधलं, रंग दिला, तिकीट लावलं, झालं म्युझियम.

चालतं जहाज ठराविक काळाने ड्रायडॉकला, म्हणजे कोरड्या गोदीत जातं. पाणी काढलं की बूड मोकळं होतं, शेवाळ-शिंपले खरवडतात, गंज मारतात, झिंकचे ॲनोड (पत्र्याऐवजी स्वतः झिजणारे ठोकळे) बदलतात, पत्र्याची जाडी मशीनने मोजतात, जिथे पातळ झाला तिथे कापून नवीन प्लेट लावतात. म्युझियम झालेलं जहाज हलत नाही, म्हणून हे सगळं थांबतं. आणि गंज थांबत नाही. सगळ्यात वाईट जागा म्हणजे पाण्याची रेघ, जिथे पत्रा कधी ओला कधी सुका, हवा आणि खारं पाणी दोन्ही मिळतं. जहाज वर्षानुवर्षं एकाच ड्राफ्टला, म्हणजे पाण्यात तेवढंच बुडून, उभं राहिलं की तीच दोन-तीन फुटांची पट्टी सतत खाल्ली जाते. बाहेरून रंग मारलेला असतो, छान दिसतं, आतून हात लावाल तर पत्र्याचे पापुद्रे हातात येतात. अशा पट्ट्यावर चिपिंग हॅमर मारताना आमचे जुने कामगार फार सावध असायचे, कारण एक ठोका जास्त बसला तर सरळ भोक.

दुसरं, पाणी नुसतं खालून येत नाही, वरून येतं. टेक्सासचं मूळ लाकडी डेक कुजलं तेव्हा १९६८ मध्ये तिथे सिमेंट काँक्रीट ओतलं. स्वस्त आणि टिकाऊ वाटलं असणार. काँक्रीटला तडे गेले, पावसाचं पाणी तड्यातून खाली, खालचं पोलादी डेक गंजलं, तिथून ते खालच्या कंपार्टमेंटमध्ये. मी तर म्हणेन जुन्या पोलादी जहाजावर काँक्रीट ओतण्याइतकं वाईट काही नाही, कारण खाली काय चाललंय ते दिसतच नाही.

तिसरं ते ब्लिस्टर. बाहेरून बसवलेला पोकळ भाग, आत अरुंद अंधाऱ्या टाक्या, माणूस कसाबसा शिरतो, आत रंगकाम कधी नीट होतच नाही. ज्या ब्लिस्टरने नॉर्मंडीला टप्पा वाढवून दिला तेच नंतर चाळणीसारखे गळायला लागले. १९८८ ते १९९० मध्ये तिला गॅल्व्हेस्टनला ड्रायडॉकला नेलं, मोठं काम केलं, काँक्रीटही काढलं. आणि मग परत जागेवर आणून तीस वर्षांहून जास्त काळ पाण्यातच ठेवली. २०१२ मध्ये एकदम मोठी गळती सुरू झाली, पंप लावून लावून जहाज तरंगत ठेवायची वेळ आली. नंतर तर पंप चोवीस तास चालायचे, टाक्यांमध्ये फोम भरला जेणेकरून पाण्याला जागाच राहू नये.

आता अशा जहाजाला टो करून न्यायचं म्हणजे केवढी जोखीम. बंदरात तळ गाळात टेकलेला, ते मोकळं करायचं, वाटेत लाट लागली तर जुन्या रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या ठोकलेल्या खिळ्यांच्या) सांध्यांवर ताण. टेक्सास राज्याच्या विधिमंडळाने २०१९ मध्ये ३ कोटी ५० लाख डॉलर मंजूर केले, जहाज सांभाळणाऱ्या फाउंडेशननेही पैसे उभे केले, आणि ३१ ऑगस्ट २०२२ ला तिला टगने ओढून गॅल्व्हेस्टनच्या तरंगत्या डॉकवर चढवलं. दीड वर्ष काम चाललं. मार्च २०२४ मध्ये ती परत पाण्यात उतरली. आणि हे लक्षात घ्या की जुन्या रिव्हेटच्या जहाजावर नवीन प्लेट वेल्ड करणं हे वेगळंच प्रकरण आहे, वेल्डिंगची उष्णता लागली की आजूबाजूचे रिव्हेट सैल होतात, एक गळती बंद केली तर बाजूला दुसरी. जुन्या पोलादात गंधकासारखी अशुद्धी जास्त, ते आजच्या पोलादासारखं वागत नाही. अशा कामाला घाई करणारा मालक नको आणि फक्त नवीन जहाजं केलेला वेल्डर पण नको.

ड्रायडॉकमध्ये जहाज बसवणं हेही नाजूक असतं. खालचे ब्लॉक जहाजाच्या वजनाप्रमाणे नीट मांडावे लागतात. ऑगस्ट १९४४ मध्ये श्रीलंकेतल्या त्रिंकोमाली बंदरात ब्रिटिशांची 'व्हॅलियंट' बॅटलशिप तरंगत्या डॉकमध्ये होती आणि तो डॉकच मोडला, जहाजाचे शाफ्ट, प्रॉपेलर, रडर असं मागचं सगळं इतकं खराब झालं की ती परत पूर्वीसारखी लढाईत आलीच नाही. शत्रूने नाही, डॉकने संपवली.

मग उपाय काय? अनुभवावरून माझं ठाम मत आहे की म्युझियम करायचं तर एक तर ड्रायडॉकचा पैसा पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा, नाही तर जहाज खाऱ्या पाण्यातून बाहेर काढा. मधला रस्ता नाही. जपानने 'मिकासा', १९०५ च्या त्सुशिमाच्या लढाईत ॲडमिरल टोगोचं जहाज, योकोसुकाला १९२६ मध्ये काँक्रीटमध्ये पक्कं बसवून टाकलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिची फार आबाळ झाली, वरचं सगळं काढून नेलं, तिथे डान्स हॉल काढला. पण हल बुडण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून १९६१ मध्ये परत उभी करता आली, आणि त्यासाठी जपानशी लढलेल्या अमेरिकन ॲडमिरल निमिट्झने मदत केली. अमेरिकेच्या 'नॉर्थ कॅरोलिना'भोवती २०१८ मध्ये कायमची भिंत, कॉफरडॅम, बांधून झाली, पाणी उपसलं की जागेवरच हलवर काम करता येतं, टो करायची गरजच नाही. मला हा उपाय सगळ्यात शहाणा वाटतो. 'न्यू जर्सी' २०२४ मध्ये फिलाडेल्फियाच्या ड्रायडॉकला गेली, तीस वर्षांनंतर, तळ रंगवला, ॲनोड बदलले, खर्च साधारण १ कोटी डॉलर. आणि ते हल १९४० च्या दशकातलं, तेही जाड, चांगल्या स्थितीत होतं म्हणून एवढ्यावर भागलं. आपल्याकडे विशाखापट्टणमची 'कुरसुरा' पाणबुडी बघा. फेब्रुवारी २००१ मध्ये निवृत्त, ऑगस्ट २००२ मध्ये बीचवर जमिनीवर ओढून म्युझियम सुरू. आजही लोक रांगा लावून बघतात. पाणबुडी लहान, म्हणून ते जमलं हे खरं, पण निर्णय दीड वर्षात झाला हे जास्त महत्त्वाचं.

लाकडाचं गणित वेगळं आहे बरं का. १८१७ मध्ये आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारच्या सागवानात बांधलेलं 'त्रिंकोमाली' हे जहाज आज इंग्लंडच्या हार्टलपूलला तरंगतंय. दोनशे वर्षं झाली. मुंबईकरांना हे माहीतच नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता परत लढाईत उतरवण्याबद्दल, यावर थोडक्यात. आयोवा वर्गाच्या चार बॅटलशिप खरंच परत आल्या होत्या. 'न्यू जर्सी' १९६८ मध्ये व्हिएतनामला, आणि १९८० च्या दशकात चारही जणी, ३२ टोमाहॉक क्षेपणास्त्रं, हार्पून बसवून. १९९१ च्या आखाती युद्धात 'मिसुरी' आणि 'विस्कॉन्सिन'ने कुवेतच्या किनाऱ्यावर १६ इंची तोफा डागल्या, विस्कॉन्सिनचं छोटं टेहळणी ड्रोन दिसल्यावर फैलाका बेटावरच्या इराकी सैनिकांनी त्या ड्रोनसमोरच शरणागती दाखवली. पण त्या आधी, एप्रिल १९८९ मध्ये, 'आयोवा'च्या दोन नंबरच्या टरेटमध्ये स्फोट होऊन ४७ खलाशी गेले. आज ना त्या तोफांची नवीन नळी बनते, ना गोळे, ना तसे बॉयलर चालवणारी माणसं उरली. ३८ किलोमीटरच्या टप्प्यासाठी दीड हजार माणसं किनाऱ्याजवळ नेऊन उभी करायची, जिथे समोरच्याचं क्षेपणास्त्र शेकडो किलोमीटरवरून येतं. नाही. त्यांचं लढणं संपलंय, आणि मी हे जहाजांवर प्रेम असलेला माणूस म्हणून सांगतोय.

आता विक्रांत आणि विराट. विक्रांत ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली, पुढे मुंबईत पाण्यातच म्युझियम होती, २०१२ पर्यंत. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी शाळेतून ती पाहिली असेल. मग हल सुरक्षित नाही म्हणून बंद. २०१४ च्या सुरुवातीला लिलावात साठेक कोटींना गेली, कोर्टात केस चालली, सुप्रीम कोर्टाने ऑगस्टमध्ये मार्ग मोकळा केला आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईतल्या दारूखाना भागात, जिथे जहाजं तोडतात तिथे, कापायला सुरुवात झाली. तिच्या पोलादातून मोटारसायकल निघाली, लायन गेटजवळ छोटं स्मारक झालं. तेव्हा लोक प्रचंड चिडले, पण खरं सांगायचं तर २०१४ मध्ये चिडून उपयोग नव्हता. युद्धकाळात घाईत बांधायला घेतलेलं हल, १९४५ मध्ये पाण्यात उतरलेलं, निवृत्तीनंतर इतकी वर्षं मुंबईच्या खाऱ्या, गढूळ पाण्यात. वाचवायचं होतं तर १९९७-९८ मध्येच तिच्यासाठी कायमची कोरडी जागा ठरवायला हवी होती, तेव्हा पत्रा चांगला होता आणि खर्च आवाक्यात होता.

विराटचं दुःख मला जास्त आहे, कारण तोपर्यंत सगळ्यांना धडा मिळालेला होता. फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिश ताफ्याचं मुख्य जहाज, मग आपल्याकडे तीस वर्षं. ६ मार्च २०१७ ला निवृत्त. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०१८ मध्ये सिंधुदुर्गात निवतीजवळ म्युझियम करायला ८५२ कोटींचा प्रस्ताव मंजूर केला. मंजुरी वीस महिन्यांनी आली आणि तोवर जहाज धक्क्याला उभं, जागा अडवून, गंजत. ८५२ कोटी कुणी गुंतवलेच नाहीत. माझ्या मते चूक आकड्यात होती. हॉटेल, सेंटर, सगळं एकत्र करून एवढा मोठा प्रकल्प मांडण्याऐवजी फक्त जहाज टिकवायला किती लागेल तेवढंच आधी उभं करायचं होतं. जुलै २०२० मध्ये ती ३८ कोटी ५४ लाखांना विकली गेली, सप्टेंबरमध्ये गुजरातेत अलंगच्या जहाजतोडणीच्या वाळूवर चढली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तोडकामाला स्थगिती दिली, आणि एप्रिलमध्ये ४० टक्के जहाज आधीच कापून झालंय म्हणून अर्ज फेटाळला. ४० टक्के कापलेलं हल कुठलाही सर्व्हेअर परत जोडायला सांगणार नाही, कोर्टाचं त्यात काही चुकलं नाही.

आता त्याच निवतीच्या समुद्रात नौदलाची 'गुलदार', जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली लँडिंग शिप, तळाशी बसवून पाण्याखालचं म्युझियम आणि कृत्रिम प्रवाळ करायचा प्रकल्प राज्याने हातात घेतलाय. अमेरिकेने 'ऑरिस्कनी' विमानवाहू नौका २००६ मध्ये फ्लोरिडाजवळ अशीच बुडवली आणि तिथे डायव्हिंग चालतं. लहान, साध्या बांधणीच्या जहाजाला हा मार्ग योग्य आहे, मी याच्या बाजूने आहे. फक्त बुडवण्याआधी टाक्यांमधलं सगळं तेल, जुन्या वायरिंगचं इन्सुलेशन, ॲस्बेस्टॉस, शिशाचा रंग काढलाच पाहिजे, माणूस अडकेल असे दरवाजे कापून मोकळे केलेच पाहिजेत, आणि दरवर्षी डायव्हर पाठवून हलची स्थिती, तिथल्या माशांची आणि पाण्याची तपासणी करून तो रिपोर्ट मालवण-वेंगुर्ल्याच्या मच्छीमारांना मराठीत वाचायला मिळाला पाहिजे, कारण त्यांची जाळी त्याच पाण्यात पडतात.